अक्कांनी नापसंत केलेली विमान कंपनी

एकदा मी फक्त एक कप चहा पिण्यासाठी बंगळूरहून मुंबईला विमानाने गेले होते. स्वतःच्या पैशांनी. तिथल्या विमानतळावर उभ्याउभ्या चहा प्याले, तो पाणचट होता, आणि तासाभराने त्याच विमानाने, त्याच खिडकीशी बसून परत आले. हवाई सुंदरीने मला ओळखलं आणि काळजीने विचारलं, "मॅडम, काही विसरलात का?" मी नाही म्हटलं. आज माझी नात ही गोष्ट मैत्रिणींना सांगते तेव्हा आजी तरुणपणी फार श्रीमंत होती असा त्यांचा समज होतो. मी श्रीमंत नव्हते आणि तरुणही नव्हते, शेहेचाळीस वर्षांची होते, म्हणजे शहाणपण यायला पुरेसा वेळ मिळालेला होता. शिवाय हा मूर्खपणा करू नकोस असं मला एका बाईने आधीच सांगून ठेवलं होतं. ती बाई जन्मात विमानात बसलेली नव्हती. पण नव्वदच्या त्या दशकात, रोज नवी विमान कंपनी निघत होती तेव्हा, कुठली टिकणार आणि कुठली झोपणार हे तिच्याइतकं नेमकं अख्ख्या बंगळुरात कुणाला ठाऊक नव्हतं. खुद्द कंपन्यांच्या मालकांनासुद्धा नव्हतं.

या बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. मल्लेश्वरमच्या घरात खाली त्या एकट्या, वर मी आणि माझे यजमान. मूळच्या बेळगावकडच्या, पण लग्न होऊन बंगळुरात आल्याला पस्तीस वर्षं झालेली, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्यांच्या आयुष्याचं काम एकच होतं: स्थळांची चौकशी. लग्नं जुळवायचं काम दुसरे करत. अक्का त्याला हलकं काम समजत. शहरातल्या मराठी घरांत मुलीसाठी स्थळ आलं की मुलीची आई आधी देवाला आणि मग अक्कांना सांगून जाई. अक्का चौकशी करत आणि चौकशीचा निकाल मोजक्या शब्दांत देत. निकाल तीनच होते. "द्यावी", "थांबावं" आणि "नको". कारण विचारलं तर सांगत, पण विचारायची हिंमत फार थोड्या आयांना होई.

त्यांची पद्धत साधी होती. पुढच्या दाराने त्या कधीच जात नसत. मुलाचे आईवडील, नातेवाईक, साहेब, यांना त्या काहीही विचारत नसत, कारण त्यांच्या मते ही सगळी माणसं पाठ केलेलं बोलतात. त्या दूधवाल्याला विचारत. धोब्याला विचारत. फूलवाली, शिंपी, कोपऱ्यावरचा किराणावाला. एकदा दोन मोटारींच्या एका घरावर सगळी मंडळी खूश होती, अक्का पहाटे तिथल्या दूधवाल्याशी पाच मिनिटं बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "पाहुणे आले की तीन लिटर, एरवी अर्धा. नको." आणि मुलगा बघायला गेल्या की त्याच्या चेहऱ्याकडे त्या बघतच नसत. मान खाली घालून बूट बघत. मुलाच्या आईला वाटे, बाई किती विनयशील. "सूट कुणाचाही उसना आणता येतो," त्या मला म्हणाल्या होत्या, "बूट मात्र ज्याचा त्यालाच घालावा लागतो, टाचेत सगळं दिसतं बघ."

मी तेव्हा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात विक्री विभागात होते आणि महिन्यातून दोनदा मुंबईच्या हेड ऑफिसला विमानाने जायचे. तिकीट कंपनीचं, पण 'फ्रिक्वेंट फ्लायर' नावाचा जो नवा प्रकार निघाला होता त्याचे पॉइंट मात्र आपले. ठरावीक पॉइंट साठले की देशात कुठेही जाऊन यायचं एक तिकीट फुकट. तीन कंपन्यांचे फॉर्म माझ्याकडे आले होते. मी ते खाली नेऊन अक्कांना नुसते गंमत म्हणून दाखवले. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही फॉर्म टेबलावर पत्रिकांसारखे मांडले आणि म्हणाल्या, "स्वल्प थांब. पंधरा दिवस दे मला."

एक फॉर्म त्यांनी तिथल्या तिथे परत केला, कारण त्या कंपनीने वर्षात दोनदा नाव बदललं होतं आणि नाव बदलत फिरणारं स्थळ त्या बघत नसत. उरल्या दोन. एक मोरपंखी शेपटीची कंपनी. हिच्या विमानात प्रत्येक बाईला ऑर्किडचं ताजं फूल मिळे, चांदीसारख्या चमच्याने खीर मिळे आणि सदस्यांना एक चंदेरी कार्ड मिळे, जे मी पर्समधून गरज नसताना काढायचे. दुसरी करड्या रंगाची. हिच्यात एक गोळी, एक कागदी रुमाल आणि वेळेवर मुंबई, एवढंच मिळे. माझं मन कुठे बसलं होतं हे सांगायला नको. आमचे यजमान म्हणाले, "तुला विमान हवंय की मंगल कार्यालय?"

अक्का स्टीलच्या डब्यात चित्रान्न घेऊन बस बदलत बदलत विमानतळावर गेल्या. तेव्हा विमानतळ शहरातच होता आणि नुसतं प्रवेशाचं तिकीट काढून आत बसता येई. सलग तीन दिवस त्या तिथल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या हवाई सुंदऱ्यांचे बूट बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी सीटवरची कापडं धुणाऱ्या धोब्याचा पत्ता काढला. मोरपंखीला ऑर्किड पुरवणारी फूलवाली तर त्यांच्या ओळखीचीच निघाली, गांधी बाजारात बसणारी, जिच्याकडून त्या वीस वर्षं मोगरा घेत होत्या. पंधराव्या दिवशी मला खाली बोलावणं आलं.

"करडी. द्यावी," अक्का म्हणाल्या.

"आणि मोरपंखी?"

"अय्यो, नको गं. पोरींच्या बुटांच्या टाचा झिजल्यात आणि वरून काळी शाई फासलीय. फूलवालीचे चार महिन्यांचे पैसे अडकलेत. धोब्याला म्हणतात, कापडं एक दिवसाआड धू. बाहेरून नटायचं आणि आतून कपडे नाही धुवायचे, असलं घर बघितलंय मी. वर्ष नै काढायचं."

"अहो अक्का, एवढी मोठी कंपनी आहे. त्यांच्याकडे सहा विमानं आहेत!"

"भाड्याची," अक्का म्हणाल्या. "असू दे. तुम्ही पुण्याची माणसं. तुम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं. तुला आवडलंय ना ते? सरी, तसंच कर."

मी मोरपंखीचा फॉर्म भरला.

आता इथे मला त्यांच्या लेकीबद्दल सांगायला हवं. अक्कांची एकुलती मुलगी दिल्लीला शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी नोंदणी लग्न करून तिने आईला पत्राने कळवलं. ज्या बाईने शेकडो मुलींच्या स्थळांची चौकशी केली, तिला स्वतःच्या मुलीच्या वेळी दूधवालासुद्धा बघू दिला नाही. अक्कांचा जावयावर काहीच राग नव्हता. "मुलगा चांगलाच असेल की," त्या म्हणत, "वाईट आहे असं मी म्हणतच नै. पण मला चौकशी करू दिली नै." या एका वाक्यावर सहा वर्षं गेली होती. लेक दर रविवारी फोन करी, ये म्हणे. चार वर्षांची नात फोनवर गाणं म्हणून दाखवी. फोन ठेवल्यावर अक्का बराच वेळ तिथेच उभ्या राहत आणि फोनवरची धूळ पदराने पुसत. धूळ नसे. जायचं मात्र नाव नाही. आपण होऊन तिकीट काढून गेलं म्हणजे आपलं चुकलं असं कबूल केल्यासारखं होतं, हा त्यांचा हिशोब.

एकदा मी चंदेरी कार्ड मिरवत होते तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते फुकटचं तिकीट वापरलं नै तर काय होतं?"

"वाया जातं."

अक्का भाजी निवडत होत्या. त्यांनी दोन देठ मोडले. मग म्हणाल्या, "वाया जाणार असेल तर गोष्ट वेगळी आहे."

त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखी पॉइंट साठवायला लागले. हैदराबादचं काम फोनवर होण्यासारखं असताना विमानाने गेले. साहेबांना पटवून एक बैठक दोन बैठकांत फोडली. अक्कांचं भाकित खरं होण्याच्या खुणा इकडे एकेक करून दिसत होत्या, आणि मी त्या प्रत्येकीला काहीतरी सुंदर कारण शोधत होते. खीर बंद झाली, मला वाटलं, गोड कमी खाणं आता फॅशनमध्ये आहे. चमचे प्लास्टिकचे आले, मला वाटलं, हलके, विमानाला बरे. शेवटी फक्त एका फेरीचे पॉइंट कमी पडत होते आणि कारखान्याचं काही काम निघत नव्हतं, तेव्हा मी ती चहाची मुंबई केली. यजमानांनी विचारलं, "या पैशांत थोडी भर घालून अक्कांना सरळ दिल्लीचं तिकीटच का काढून देत नाहीस?" हा इतका शहाणा प्रश्न होता की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना कळत नव्हतं की विकत काढलेलं तिकीट अक्कांना चालणार नव्हतं. चहाच्या त्या विमानात ऑर्किडचं फूल प्लास्टिकचं होतं. मला वाटलं, टिकाऊ म्हणून.

बक्षिसाचं पत्र आलं, चंदेरी फीत लावलेलं. मी धावत खाली गेले. "अक्का, एक तिकीट फुकट मिळालंय. मला कुठे जायचं नाही. तुमच्या नावावर करता येतं. नाहीतर वाया जाईल."

मला वाटलं होतं त्या आढेवेढे घेतील. निदान त्या कंपनीबद्दल काहीतरी टोचून बोलतील. अक्कांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "दिल्लीत थंडी किती असते?" ज्या कंपनीला त्यांनी स्वतः "नको" म्हटलं होतं, तिचं तिकीट त्यांनी एका शब्दाने होकार देऊन घेतलं. तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं. मी आनंदात होते, त्यामुळे काही कळलं नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतः दिल्लीला फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "ऐक, वाया जाणारं तिकीट आहे म्हणून येते, दुसरं काही नै." मग चार दिवस घरात लाडवांचा वास होता. कुंद्याचा डबा बांधला गेला, स्वेटरचा राहिलेला हात विणून पूर्ण झाला.

सोमवारी आम्ही दोघी तिकीट लिहून घ्यायला मोरपंखीच्या ऑफिसात गेलो. शटर खाली होतं. त्यावर एक कागद चिकटवला होता, 'काही काळापुरती सेवा बंद', आणि पायऱ्यांवर गांधी बाजारची फूलवाली आणि धोबी शेजारीशेजारी बसले होते. फूलवालीने अक्कांना बघितलं आणि सरकून जागा दिली. "या अक्का," ती कानडीत म्हणाली, "तुमचं किती अडकलंय?"

अक्का तिच्याशेजारी बसल्या. हातातली पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात फक्त ते पत्र होतं. मी पायरीखाली उभी होते आणि त्या 'सांगितलं होतं ना तुला' म्हणतील याची वाट बघत होते. तेवढं म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. त्या फूलवालीला म्हणाल्या, "आमचं फार नै. एक फुकटचं तिकीट." आणि उठून त्यांनी रिक्षाला हात केला.

पंधरवडा असाच गेला. रविवारचे फोन वाजत, अक्का काय बोलतात ते वर ऐकू येत नसे. लाडू त्यांनी गल्लीत वाटून टाकले; आमच्याकडे आले ते मला खाववले नाहीत, यजमानांनी खाल्ले. मग एका सकाळी त्यांनी मला खाली हाक मारली. टेबलावर स्वेटरची घडी होती आणि तिच्यावर करड्या कंपनीचं तिकीट. दिल्लीचं. रोख पैसे मोजून काढलेलं.

मी तिकिटाकडे बघितलं, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "तिचा फोन येईल तुला," त्या म्हणाल्या. "सांग, तुझ्या दुसऱ्या कंपनीच्या पॉइंटांत मिळालं. फुकटचं होतं, वाया जात होतं. आणि नीट सांग गं, अडखळू नकोस. ती माझी पोरगी आहे, चौकशी करणार."

फोन आला. मी नीट सांगितलं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी चौकशी केली. करडी कंपनी नुसते पॉइंट लिहून घेते, फुकट तिकीट द्यायला अजून लागलीच नाहीये. पण तुम्ही आईला सांगा, मला पटलं म्हणून."

त्यानंतर अक्का हयात होत्या तोवर दर थंडीत दिल्लीला जात राहिल्या, दर वेळी 'फुकट'. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. विमानतळ शहराबाहेर गेला. करडी कंपनीही पुढे दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, पण ती अक्का गेल्यानंतर. त्यांच्या हयातीत असं काही करायची तिची छाती झाली नसती. माझी नात हल्ली फोनवर कसले कसले पॉइंट साठवत असते. मी तिला विचारते, यांच्या धोब्याला पैसे मिळतात का? ती म्हणते, आजी, प्लीज.

पण मला आठवतात त्या पहिल्यांदा दिल्लीहून परतलेल्या अक्का. मी विमानतळावर आणायला गेले होते. विमानात बसून आलेली बाई जे काही सांगते, ढग, उंची, कानाला दडे, त्यातलं त्यांनी काहीच सांगितलं नाही. पिशवी माझ्या हातात दिली, पदर सारखा केला आणि बाहेर पडता पडता, मी काही विचारायच्या आत, लग्नाला सहा वर्षं झालेल्या आपल्या मुलीबद्दल म्हणाल्या, "जावयाचे बूट बघितले गं. दोनदा तळ बदललाय, पण टाच सरळ झिजलीय. द्यावी."