डावऱ्याच्या शर्टाची कॉलर

आमच्या घरात नाताळाला कागद फाडल्याचा आवाज येत नाही. थोरल्या जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून नाही. पहिल्याच नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतली कचरापेटी पाहिली. चकचकीत कागद, प्लॅस्टिकच्या फिती, चमकी नुसती ओसंडत होती, आणि पलीकडे कुणी तेच जाळत होतं तर धूर हिरवा निघत होता. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्या भेटी जुन्या कापडात बांधून ठेवल्या.

सासूबाईंनी नाक मुरडलं. "भेट आहे की धुण्याचं गाठोडं?"

"सोडा तर खरं. धुणं निघालं तर मी धुते," जाऊबाई म्हणाल्या.

जिन्याखालच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन. लोकांचे कपडे घट्ट करायचे, सैल करायचे, चेन बदलायच्या, हाच धंदा. घरातले विरलेले कपडे कापून त्या चौकोनी रुमाल करत. भेट त्यात बांधायची, सोडल्यावर रुमाल जाऊबाईंच्या पेटीत परत. झाडसुद्धा विकतचं नाही. बागेत छाटलेल्या फांद्या बादलीत उभ्या करायच्या आणि वर शिलाईतून उरलेल्या बटणांच्या माळा. पण नियम कडक. धड कपडा कापायचा नाही, आणि कुणी अजून घालत असलेला तर मुळीच नाही. माणूस गेलं की मात्र त्याच्या कपड्यांचे रुमाल होत. सासऱ्यांच्या कोटाच्या अस्तरात बांधून माझ्या नवऱ्याला मोजे मिळाले, तर हा मोजे बाजूला ठेवून अस्तरच कुरवाळत बसला.

जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा डावखुरा, म्हणून घरात सगळे त्याला डावऱ्याच म्हणत. तो जहाजावर कामाला गेला. तीन पत्रं आली, मग काहीच नाही. त्याचा निळ्या चौकटीचा शर्ट मशीनमागच्या खुंटीवर राहिला.

तो शर्ट मळायचा.

कुणी घालत नव्हतं, तरी महिनाभरात कॉलरच्या आतून घामाची पिवळी रेघ धरायची. जाऊबाई धुवायच्या, इस्त्री करून टांगायच्या, की पुन्हा तेच. पुढे डावं कोपर विरायला लागलं. "टेबलावर कोपर टेकून जेवायची सवय मेल्याची," म्हणत त्या रफू करायच्या. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. एकदा मी स्वतः तो शर्ट धुतला, माझ्या कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली. महिन्याने कपाट उघडलं तर कॉलरला रेघ. वास घेतला. माणसाचा होता. त्या दिवसापासून मी जाऊबाईंना एका शब्दाने टोकलं नाही, आणि ते कपाट उघडताना अजूनही आधी टकटक करते.

भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, मात्र चेष्टा करायचे. "शर्टाला घाम येतो म्हणे! पंखा लाव त्याला." आणि दर नाताळाला ठरलेलं वाक्य, "अगं, इतकी वर्षं झाली. काप आता. त्या खुंटीला तरी मोकळं कर."

जाऊबाई कापत नव्हत्या. कॉलर मळतेय तोवर मुलगा आहे, एवढाच त्यांचा हिशेब.

नवव्या वर्षी सप्टेंबरात धुतलेला शर्ट डिसेंबर लागला तरी तसाच राहिला. स्वच्छ. जाऊबाई रोज सकाळी कॉलर उलटून बघायच्या आणि मशीनवर बसायच्या. भाऊजींनी नेहमीसारखं "काप" म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हो. बहुतेक कापावाच लागेल. मळत नाहीये."

भाऊजींनी भरलेला कप तसाच बशीत ठेवला. त्यांनी चेष्टा केली नाही.

नाताळाला आठ दिवस राहिले आणि कॉलर मळली. मला हायसं वाटलं. जाऊबाईंनी शर्ट उजेडात धरला. "हा त्याचा मळ नाही गं. दुसऱ्या बटणाचं काज ताणलंय. बगलेतली शिवण उसवलीय. डाव्या कोपराला काहीच नाही. उद्या दुपारी चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जाऊबाई-भाऊजींच्या खोलीच्या दारात उभ्या राहिलो. भाऊजी आरशासमोर. एवढा धिप्पाड माणूस, त्या शर्टात उशी कोंबल्यासारखा, आणि मान इकडून तिकडे घासत होता. कॉलरवर. खसाखसा.

"अहो, काढा तो. फाटेल," जाऊबाई म्हणाल्या.

"थंडी वाजत होती."

"स्वेटर कपाटात आहे."

भाऊजी पलंगावर बसले. "कापू नकोस. आणखी एक वर्ष थांब."

"थांबले असते हो. पण तो असता तर तुम्हाला मळवावा लागला नसता."

मी तिथून निघून आले.

नाताळाच्या आदल्या दुपारी शर्ट कापला. जाऊबाईंनी खडूने रेघा मारल्या, भाऊजींनी दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं. कात्री थांबली की ते म्हणायचे, "चालू दे." एकदाही मान वर केली नाही. रुमालांच्या कडा दुमडून, इस्त्री फिरवून सगळं तिन्हीसांजेच्या आत आवरलं.

सकाळी माझी भेट मिळाली ती डाव्या कोपराच्या तुकड्यात. रफूवर रफू. आत जुन्या स्वेटरची लोकर उसवून विणलेले हातमोजे. मी गाठ सोडली आणि हात मागे घेतला. कापड उबदार होतं. इस्त्रीची ऊब म्हणावी, तर इस्त्री आदल्या दिवशीची. कुणी नुकतंच कोपर उचललं असावं, तशी ती ऊब होती. रुमाल पेटीत परत द्यायचा, पण माझ्याने देववेना. उशाखाली घातला. दुसऱ्या दिवशीही तो तसाच उबदार.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर हात लावला तर गार. फरशीसारखा गार. मी तो पदराआड धरून जिना उतरले. जाऊबाईंना सांगावं की नाही ते ठरत नव्हतं. त्या मशीन बंद करून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. भाऊजी बाजूच्या स्टुलावर. दोघांच्याही मांडीवर एकेक निळ्या चौकटीचा रुमाल.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "तुझाही निवला ना आत्ता?"