आडनाव ऐकून विकली न गेलेली इमारत

"तू काहून बसली वं? पार्टी आली आहे. पाणी आण सगळ्यांसाठी. तुझ्या घरचं नको, समोरच्या बाईकडून आण."

घरमालक असं म्हणाले तेव्हा मी खुर्चीवर बसले होते. मांडीवर फाईल. खालच्या मजल्यावरचं घर रिकामं होतं, तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. रविवारी अकराला ये, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. इमारत विकायची होती आणि मी ती घ्यायला आले होते. घ्यायला. किराया द्यायला नाही.

दलाल होता. एक जाडसर माणूस आणि त्याचा मेहुणा, म्हणजे ती घेणारी पार्टी. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी उठले. समोरच्या बाईकडून तांब्या आणि ग्लास आणले. सगळ्यांना पाणी दिलं. एक थेंब सांडू दिला नाही, नर्सचे हात आहेत. पण मी उठले. हे मला आजही पचत नाही.

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स आहे. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन या इमारतीत आले, त्याला बारा वर्षं झाली. तीन मजले, सहा बिऱ्हाडं. मालक दुसरीकडे राहायचे, म्हणून सगळ्यांचा किराया मीच गोळा करायची. पावत्या मीच लिहायची. मोटर जळली की मिस्त्री मीच बोलवायची. त्याचे त्यांनी कधी पैसे दिले नाहीत. "तू घरचीच आहे वं," म्हणायचे. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो दारासमोरच लावलेला आहे. बारा वर्षांत मालक कधी उंबरठ्याच्या आत आले नाहीत.

इमारत विकायला काढली हे कळलं तेव्हा मी बँकेत गेले. टेबलामागे तरुण मुलगी होती. तिनं नीट ऐकून घेतलं.

"ताई, नुसत्या पगारावर एवढं कर्ज नाही बसणार. पण इमारत किरायाची आहे ना? मग किराया किती येतो ते दाखवा. खर्च वजा करून दाखवा. उरलं त्यात हप्ता बसला पाहिजे. आणि चौथा हिस्सा तुमच्याकडचा लागेल."

चौथा हिस्सा होता. माझा फंड होता. आईची जागा विकली तेव्हा भावानं माझा वाटा बाजूला ठेवला होता.

मग मी लिहायला बसले. ड्युटीवरून आले की लिहायची. हळूहळू कळत गेलं की बारा महिन्यांचा किराया कधी बाराही महिने येत नाही. एखादं घर रिकामं पडतं. घराचा टॅक्स, पाण्याचं बिल, मोटर, गच्चीची गळती, पाच वर्षांनी रंग. हे सगळं आधी काढायचं, मग हप्त्याकडे बघायचं. इमारत मी रोज चढत होते, पण ती पोट कशी भरते हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. कुठल्या घरातून कधी किती आलं, मला पाठ होतं. कोणत्याही दलालापेक्षा जास्त.

हप्ता बसत होता. जेमतेम. बँकेतली मुलगी म्हणाली, "बाजारापेक्षा किराया कमी आहे, ते पण लिहा. वरच्या साहेबांपुढे फाईलला जोर येतो." मी शेवटची ओळ लिहिली. किराया वाढवायला जागा आहे.

त्या रविवारी पाणी दिल्यावर मी फाईल मालकांपुढे धरली. "काका, बँक तयार आहे. मंजूर नकाशा अन् टॅक्सच्या पावत्यांची झेरॉक्स पाहिजे फक्त. भाव तुम्ही सांगितला तोच."

त्यांनी फाईल चाळली. चाळता चाळता पार्टीच्या हातात दिली. "पाहा. सगळं नीट लिहिलं आहे."

मग माझ्याकडे वळले. "बँक देईन वं, बँकेचं काय जाते? पण मी तुमच्या लोकायले विकू का? माझ्या बापाचं नाव आहे या बिल्डिंगवर."

दलाल हसला. मी म्हणाले, "माझी फाईल द्या."

"राहू दे," मालक म्हणाले. "यायले कामी येईन."

मी जिना चढून वर आले. मुलीनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, आपल्याला नाही विकत. मी काय करू शकत होते? कुणाला विकायचं, हे विकणारा ठरवतो. न विकण्याचं कारण तो कागदावर लिहीत नाही.

इमारत त्या जाड माणसाला गेली. पहिल्याच महिन्यात तो आला. हातात माझ्या हिशेबाची झेरॉक्स. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ. प्रत्येक घराला दोन हजार वाढवले.

समोरच्या दारातली बाई कुही गावाकडची. डबे करून विकायची. तिनं मला दारात गाठलं. "ताई, तो कागद दाखवला त्यानं. तुमचंच अक्षर आहे ना?"

"हो."

"आमच्यावर काहून लिहिलं असं?"

कर्जासाठी लिहिलं होतं, एवढंच. महिना भरला तेव्हा ती घर सोडून गेली. भांड्यांची पोती खाली उतरवायला मी हात लावला, तर म्हणाली, "राहू द्या." रडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं.

नवा मालक मग माझ्याकडे आला. "सिस्टर, वसुली तुम्हीच करत होत्या ना? चालू ठेवा. तुमचा किराया नाही वाढवत."

"नाही."

"काहून? फायदाच आहे तुमचा."

"माझ्याकडूनही सगळ्यांएवढाच घ्या. वसुली तुमची तुम्ही करा. अन् तो कागद मी केलेला आहे. पुन्हा कोणाच्या दारात माझ्या अक्षरावर बोट ठेवू नका."

बारा वर्षांत त्या इमारतीत मी पहिल्यांदा कुणाला नाही म्हणत होते. उशिरा. ज्या बाईसाठी म्हणायला हवं होतं, ती निघून गेली होती.

मी अजून इथंच किरायानं राहते. वाढीव किराया भरते. दुसऱ्या इमारती शोधते आहे. हिशेब नव्यानं मांडला आहे, वाढ न धरता, तिथं आज जो किराया येतो त्याच किरायावर. त्यात जी इमारत बसेल तीच घेईन. चार बिऱ्हाडांची का असेना.

तीन दलालांनी आडनाव ऐकून फोन ठेवला. आधी मी आडनाव शेवटी सांगायची, भाव ठरत आल्यावर. आता फोन लागला की तेच पहिलं सांगते. ठेवायचा असेल त्यानं तिथंच ठेवावा. मी पुढचा नंबर लावते.