वासाचं पाणी

माझं नाक तिखट आहे आणि जीभही. नवऱ्याच्या फौजेच्या नोकरीत पंधरा वर्षं क्वार्टरमध्ये काढल्यावर दोन्ही जरा जास्तच तिखट झाली. तो रिटायर झाला तेव्हा रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी, थोरल्या दिरांच्या घराशेजारी, आम्ही बंगला बांधला. माझ्या किचनच्या खिडकीपासून दहा पावलांवर थोरल्या जावेचा गोठा होता. दोन म्हशी, एक रेडी आणि त्यांच्यामागं दिवसभर राबणारी ही जाऊ, आमची आक्का. शेणाचा, भिजवलेल्या पेंडीचा वास तिच्या पदराबरोबर घरात यायचा. ती उठून गेली तरी वास सोफ्यावर बसून राहायचा.

आधी मी बाजारातला फवारा मारायची. त्यानं मुलीचा खोकला बळावला. डॉक्टरांनी फवारा, उदबत्ती, धूप सगळं बंद करायला सांगितलं. मग मी नैसर्गिक उपायांच्या मागं लागले. खिडकीत वाळ्याची ओली जुडी टांगली, वाटीत खायचा सोडा ठेवला, कुंडीत मरवा लावला. खरा गुण आला तो पातेल्याला. पाण्यात संत्र्याच्या वाळक्या साली, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा टाकायचा आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं. अर्ध्या तासात घर घमघमायचं.

आक्का रोज संध्याकाळी मालिका बघायला यायची. ती फाटकात दिसली की मी गॅस पेटवायची. पहिल्याच दिवशी तिनं किचनमध्ये डोकावून विचारलं, "धाकटे, माझ्यासाठनं काढा टाकलास व्हय?"

खरं सांगायला काय हरकत होती? पण मला हसू फुटत होतं. मी ते पाणी गाळून कपात ओतलं आणि तिच्या हातात दिलं. ती फुंकर घालून प्यायली आणि म्हणाली, "लय गुण हाय गं. घशाला लय बरं वाटलं."

तेव्हापासून रोज. तेच पाणी मी दोन-तीन दिवस उकळायची, आटलं की वरून ओतायची. बहिणीला फोनवर सांगताना आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. मुलगीही एक-दोनदा हसली. आक्का मात्र बाजारातल्या रसवाल्याकडून साली मागून आणायची, पत्र्यावर वाळवायची आणि पिशवी भरून मला द्यायची. "तू माझं एवढं करतीस," म्हणायची. मला तिची दया यायला हवी होती. राग यायचा, कारण त्या पिशवीलाही गोठ्याचा वास असायचा.

मुलीसाठी स्थळं यायला लागली तशी आक्काचं एकच पालुपद सुरू झालं. "पोरीला पयली हळद मी लावणार. व्हय न्हवं?" तिचा हक्कच होता. नवरा बॉर्डरवर होता तेव्हा मी अर्धवट राहिलेलं डी.एड. पुरं करायला सांगलीला राहिले होते. ती दोन वर्षं माझ्या तान्ह्या मुलीला हिनंच न्हाऊमाखू घातलं. मुलगी तिला मोठी आई म्हणते. मी दरवेळी "बघू" म्हणायची. पुढं सांगलीचं स्थळ जुळत आलं, आणि त्या पाहुण्यांसमोर हळदीच्या ताटात तो हात मला नको होता.

सांगलीचे लोक लग्न ठरवायला आले त्या दिवशी मी तिला बजावलं होतं, "आक्का, पाहुणे गेल्यावर या." तरी ती चहाला दूध घेऊन मागच्या दारानं आलीच. धुवट लुगडं, डोक्यावरून पदर. तिनं बाहेर येऊ नये म्हणून मी तिला ओट्यापाशी बसवलं आणि पातेल्यातल्या पाण्याचा कप भरून दिला. तेवढ्यात विहीणबाई आत आल्या.

"किती छान वास येतोय हो घरात! काय लावता?"

मी फुशारले. साली, लवंग, दालचिनी, सगळं सांगितलं. "काय करणार, शेजारी गोठा आहे. तो वास मारायला हे उकळावं लागतं."

"आरोग्याला चांगलं असेल. पिता का?"

"छे हो! तीन-तीन दिवसांचं पाणी असतं ते. पितंय कोण!"

बोलून गेल्यावर मला आक्का दिसली. कप तिच्या ओठांपाशी होता. विहीणबाईंची नजरही तिकडं गेली. आक्का हळूच म्हणाली, "माजा च्या हाय." उरलेलं एका घोटात प्यायली, कप विसळून पालथा घातला आणि मागच्या दारानं गेली. त्यानंतर ती कधी आली नाही. मला बरंच वाटलं, हेही लिहून टाकते.

हळदीच्या दिवशी विहीणबाई उष्टी हळद घेऊन आल्या. मुलगी पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती. "पहिला हात थोरल्या जाऊबाईंचा ना? कुठायत त्या?" त्यांनी विचारलं.

"त्यांना गुरांचं असतं. मीच लावते," मी म्हणाले आणि ताटात हात घातला.

मुलगी पाटावरून उठली आणि तडक मागच्या दारानं गेली. मी किचनच्या खिडकीशी धावले. आक्का गव्हाणीत वैरण टाकत होती.

"मोठी आई, चल. हळद तू लावायचीस."

"न्हाई बाळा. तुज्या आईच्या घरात माजा वास ऱ्हातो. मी न्हाई यायची."

मुलगी तिथंच, म्हशीच्या पुढ्यात, ओल्या शेणात मांडी घालून बसली. "मग हितं लाव."

"आगं, साडी! थांब, हात तरी धुती."

"नको धूस," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

माझ्या मागून विहीणबाई ताट उचलून बाहेर गेल्या. चपलाही न घालता गोठ्यात शिरल्या आणि त्यांनी ताट आक्कापुढं धरलं. त्यांच्यामागं त्यांच्या दोघी सुना गेल्या, मग माझी बहीण गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आक्कानं मुलीच्या दोन्ही गालांना हळद लावली.

हळदीला पाच सवाष्णी लागतात. मी खिडकीतून मोजल्या. पाच भरल्या होत्या.