गुप्तेकाकूंची राहिलेली नोंद

गुप्तेकाकूंच्या स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यावर चिठ्ठी होती: ‘शेंगदाणे – वरची फळी, डावीकडे’. शेंगदाण्यांच्या डब्यावर कढीपत्त्याचा पत्ता. फरीदाबादला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो आणि पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे चहा करायला घेतला, तेव्हा साखरेच्या झाकणाने मला गाळणी दाखवली. केंद्र सरकारच्या एका खात्यात काकूंची सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. कव्हरवर मागचा आणि पुढचा संदर्भ लिहिल्याशिवाय त्या फाईल जागची हलू देत नसत, मग मागवणारे साहेब कितीही मोठे असोत.

काकू लहानपणी गाणं शिकल्या इंदूताई फडणीसांकडे. दिल्लीतल्या पहाडगंजच्या दोन खोल्यांत इंदूताईंनी मराठी घरांतल्या कितीतरी मुली घडवल्या, पण त्यांची एकही रेकॉर्ड निघाली नाही. उरल्या त्या शिष्यांनी घरोघरी भरलेल्या कॅसेट. काकूंनी त्या गोळा केल्या आणि मी मोठ्या रुबाबात वेबसाइट करून त्यावर चढवल्या. कॉम्प्युटरवाला मी, दुसरं कोण करणार!

वर्ष गेलं. सर्चमध्ये इंदूताईंचं नाव टाकलं की त्याच नावाच्या एक दातांच्या डॉक्टर निघत, आमची साइट नाही. इंदूताई नव्वदीला टेकलेल्या. आपलं सगळं हवेत गेलं, असं त्या काकूंना म्हणाल्या होत्या. ते काकूंच्या जिव्हारी लागलं होतं.

“त्यांना ऐकू येतंय तोवर हे दिसलं पाहिजे,” काकू म्हणाल्या. “नंतर काय, फोटोला दाखवायचं?”

मी समजावून सांगितलं, की सर्चवाल्यांचा एक प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर फिरत पानं टिपून घेतो. काकूंनी साइट उघडायला लावली. पहिल्या पानावर गाण्यांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे तेच ‘इथे क्लिक करा’. गाण्याच्या पानावर गेलं की पुढे वाटच नाही.

“इथे म्हणजे कुठे रे? माझ्या खात्यात असतास तर मेमो दिला असता.”

मग निघालं साइटमॅपचं. सर्चवाल्यांना द्यायची सगळ्या पानांची ती यादी. मधे साइटचा पत्ता बदलला होता आणि यादीत जुनेच पत्ते राहिले होते. काकूंनी चष्मा काढला. “घर बदललं आणि रजिस्टर जुनंच? बिल्कुल सरकारी काम केलंस, यार.” हे त्यांच्या तोंडून ऐकून फार लागलं.

हिवाळ्यातले सगळे रविवार त्यांच्या गच्चीवर उन्हात गेले. काकूंनी आखलेल्या वहीत एकेका गाण्याला एकेक ओळ दिली. प्रत्येक पानावरून निदान तीन वाटा हव्यात: त्याच रागाकडे, त्याच बैठकीकडे, त्याच शिष्येकडे, आणि लिंकवर गाण्याचं नाव स्पष्ट हवं. हे कॉम्प्युटर आपोआप करेल, असं मी एकदा म्हणून पाहिलं. ही भैरवी आणि ती ठुमरी एकाच संध्याकाळी दिवे गेल्यावर गायली, हे तुझ्या कॉम्प्युटरला कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं. मी लिंका लावत राहिलो.

शेवटी पानं आणि ओळी जुळवल्या, तर एक ओळ कमी. एका पानाकडे दुसऱ्या कुठल्याच गाण्यावरून वाट नव्हती. ऐकलं, तर इंदूताईंच्या मागे एक कोवळा आवाज साथ करत होता. काकू नजर चुकवत म्हणाल्या, “ती मी आहे. बेसूर आहे, राहू दे.” मी त्यांचाच नियम त्यांना ऐकवला आणि त्या पानाला तीन वाटा दिल्या.

नवी यादी पाठवल्यावर काही आठवड्यांनी आमची साइट दातांच्या डॉक्टरांच्या वर आली. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो माझ्या कुठल्याही प्रमोशनला वाटला नव्हता. आम्ही फोन घेऊन इंदूताईंकडे गेलो. त्यांनी एक गाणं ऐकलं, बोटाने खालची लिंक दाबली, मग तिच्या खालची. असं करत करत त्या नेमक्या त्या पानावर पोचल्या. काकूंनी मान खाली घातली.

इंदूताईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. “ही सुमन ना?” त्या म्हणाल्या. “सुरात आहे की गं. तेव्हा सांगायचं राहिलं.”

घरी आल्यावर काकूंनी वही काढली आणि शेवटच्या ओळीत त्या गाण्याची नोंद स्वतः केली, स्वतःच्या पूर्ण नावासकट.