न पाहिलेली सर्व्हिस

ज्या माणसाचा खेळ मी जवळजवळ वीस वर्षं मनापासून पाहिला, त्याला मीच हरवलं. माझ्या हातात रॅकेटसुद्धा नव्हती. मी कोर्टाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो.

तो इंडोनेशियाचा, बॅडमिंटनमध्ये दुहेरी खेळणारा. नाव लिहीत नाही. त्याला पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि सिडकोतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत केबल होती. बायको म्हणाली, दोघंही सारखेच दिसतात, तुम्ही नेमकं बघताय कुणाला? मी म्हटलं, जो उड्या मारत नाही त्याला. उड्या मारून स्मॅश हाणायचं काम त्याच्या जोडीदाराचं. हा आपला पुढे, जाळीपाशी, गुडघ्यात किंचित वाकलेला. टाळ्या मागच्याला मिळायच्या. मीही आमच्या सकाळच्या बॅचमध्ये पुढेच खेळायचो, कारण माझ्याकडे स्मॅश नव्हताच. त्यामुळे हा माणूस मला आपला वाटला असेल.

त्याची एक खासियत होती. दुहेरीत सर्व्हिस मागच्या रेषेपर्यंत चालत नाही, ती त्या रेषेच्या अलीकडे जी आतली रेषा असते तिच्या आत पडावी लागते. बहुतेक सर्व्हिस जाळीला घासून येतात, पण समोरचा मधेच फसवून शटल डोक्यावरून मागे उडवतो. तिला फ्लिक म्हणतात. फ्लिक आली की बाकीचे खेळाडू धावत जाऊन ती मारतात. हा एक पाऊल मागे टाकायचा, वर बघायचा आणि रॅकेट खाली घ्यायचा. शटल रेषेच्या चार बोटं बाहेर पडायचं. आम्ही घरात ‘मार, मार’ म्हणत असायचो तोवर हा पुढच्या पॉइंटच्या जागेवर जाऊन उभाही असायचा. मी ते हॉलवर करून पाहिलं. माझी सगळी शटलं आत पडली आणि माझा जोडीदार मला सोडून जायच्या बेतात आला.

हा माझा जोडीदार म्हणजे भाई. शहागंजकडे त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मी बिडकीनच्या शाळेत गणित शिकवतो, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. आज एकवीस वर्षं झाली आम्ही सकाळी साडेपाचला एकत्र खेळतो. तो मागे, मी पुढे.

माझ्या त्या माणसाचं करिअर सांगायचं तर ते दुसऱ्या नंबरचं करिअर. मोठ्या स्पर्धांच्या फायनलपर्यंत जायचा आणि तिथं हरायचा. त्याच्याच देशाची दुसरी एक जोडी जास्त गाजली. पुढे त्याच्या जोडीदाराचा गुडघा गेला. मग देशाच्या शिबिरातून यालाही कमी केलं. टीव्हीवर दिसेनासा झाला, तेव्हा मी शाळेत डब्याच्या सुट्टीत मोबाइलवर कुठल्या कुठल्या लहान स्पर्धांची थेट प्रक्षेपणं शोधायचो. रिकाम्या गॅलऱ्या, मधेच जाणारं चित्र, आणि पुढे तोच, किंचित वाकलेला. आता मागे तेरा वर्षांनी लहान असलेला एक पोरगेला जोडीदार होता. सहशिक्षकांना वाटायचं मी शेअर बाजार बघतो.

आणि असा माणूस सहा वर्षांपूर्वी आमच्या गावात खेळायला आला. खालच्या पायरीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. लाइन जज कमी पडत होते, म्हणून आमच्यासारख्या हौशी खेळाडूंना दोन दिवस शिकवून बसवणार होते. मी चार दिवसांची रजा टाकली. घरात लग्न आहे असं लिहिलं.

लाइन जजला तीन खुणा शिकवतात. शटल बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरून मोठ्यानं ‘आउट’. आत पडलं तर तोंड बंद, उजवा हात रेषेकडे. आणि आपल्याला दिसलंच नाही तर दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवायचे. मग अंपायर ठरवतो, त्यालाही नसेल दिसलं तर पॉइंट पुन्हा खेळतात. शिकवणाऱ्यानं ही तिसरी खूण आमच्याकडून वीसेक वेळा करून घेतली. पन्नाशीला आलेली माणसं खुर्च्यांवर ओळीनं डोळे झाकून बसलेली बघून आम्हालाच हसू येत होतं. तो म्हणाला, ही खूण सगळ्यात अवघड आहे, वेळेला हात वर जात नाहीत. मला वाटलं, उगाच वाढवून सांगतोय.

खेळाडूंशी गप्पा मारू नका असं बजावलं होतं. मी मारल्या. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी दुपारी तो जेवणाच्या मांडवात एकटाच भात खात बसला होता, सोबत घरून आणलेली लाल चटणी. मी समोर जाऊन बसलो आणि माझ्या फळ्यावरच्या इंग्रजीत त्याला त्याच्याच वीस वर्षांच्या मॅचेस सांगायला लागलो. तो आधी लाजला, मग हसला. म्हणाला, मी हरलेल्या एवढ्या मॅचेस माझ्या बायकोलाही आठवत नाहीत. मग आपणहून बोलला. ही स्पर्धा जिंकली तर वरच्या स्पर्धांत शिरकाव होईल आणि आणखी वर्षभर खेळता येईल. नाही तर थांबायचं, तसं बायकोला कबूल करून आलोय. ‘पाय थकलेत,’ तो म्हणाला, ‘पण डोळे अजून चांगले आहेत. दुहेरीत डोळे असले की भागतं.’ त्यानं मला थोडी चटणी वाढली. मी लाइन जजचा टी-शर्ट घालून ती खाल्ली.

ते बाकीच्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी आमच्या लाइन जजेसच्या प्रमुखानं सगळ्यांसमोर चिमटा काढला, मास्तर, उद्या तुमच्या गुरूंच्या कोर्टावर तुम्हालाच बसवतोय, बघा हं. सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. वर्गात पोरांना मी प्रामाणिकपणावर एवढं बोलतो आणि हे लोक माझ्यावर शंका घेतात, असा माझा तोरा होता.

समोर आपल्या देशाची जोडी होती, त्यामुळे गॅलरी भरलेली. भाई दुकान बंद ठेवून आला होता आणि बरोबर माझ्या डोक्याच्या वर बसला होता. माझ्याकडे मागच्या दोन रेषा, बाहेरची आणि सर्व्हिसची आतली. पहिला गेम त्यांचा, दुसरा आपला. तिसऱ्यात वीस-एकोणीस, मॅच पॉइंट आपल्या जोडीचा आणि सर्व्हिसही आपली. घ्यायला तो उभा होता, माझ्याच बाजूला, माझ्यापासून आठ-दहा फुटांवर.

इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझी नजर रेषेवर असायला हवी होती. ती त्याच्या पायांवर होती. डावं पाऊल पुढे, उजव्याची टाच उचललेली. सर्व्हिस झाली, फ्लिक होती. त्यानं एक पाऊल मागे टाकलं, वर पाहिलं आणि रॅकेट खाली घेतली. आणि मी, खुर्चीवर बसलेला पंच, आनंदानं मनातल्या मनात म्हणालो, सोडली. शटल पडल्याचा आवाज आला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मान वळवली तर शटल आपटून, घरंगळून रेषांच्या मधे पडलं होतं.

डोळ्यांवर हात ठेवायला हवे होते. मला ते माहीत होतं आणि वेळही होता, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतो. त्या वेळात मी जो विचार केला तो शब्द न् शब्द आठवतो. डोळे झाकले तर सगळ्यांना कळेल की मास्तर रेषा सोडून गुरूकडे बघत बसले होते. आउट दिलं तर म्हणतील, चटणी कामी आली. आत दिलं तर कुणी काही म्हणणार नाही. शटल कुठं पडलं असेल, हा विचार त्यात कुठंच नव्हता.

मी उजवा हात रेषेकडे केला.

गॅलरी उठून नाचायला लागली. त्याचा तरुण जोडीदार माझ्या दिशेनं धावत आला, दोन बोटांत अंतर दाखवत अंपायरशी वाद घालायला लागला. अंपायरनं माझ्याकडे पाहिलं. मी हात तसाच ठेवला, उलट जरा ताठ केला. मग माझ्या त्या माणसानंच पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे नेलं, समोरच्यांशी हात मिळवले, अंपायरशी मिळवले. सगळं झाल्यावर तो माझ्यापाशी आला. चिडलेला नव्हता. अगदी हळू विचारलं, ‘खरंच आत होती?’

इथंही मला संधी होती. आता मॅच संपलेली, निकाल बदलणार नव्हता, फक्त त्याला एकट्याला खरं कळलं असतं. मी म्हणालो, ‘हो. आत होती. मी नीट पाहिली.’

तो मान हलवत थोडा वेळ त्या रेषेकडे बघत राहिला. ‘मग डोळेही गेले,’ म्हणाला आणि बॅग उचलून गेला. महिनाभरात त्यानं खेळणं थांबवल्याची चार ओळींची बातमी मी मोबाइलवर वाचली.

भाई बाहेर पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून उभा होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, ‘मास्तर, तुम देखेच नै.’ मी म्हटलं, काय बोलतो, माझ्या समोर पडली. तो म्हणाला, ‘पंधरा साल तुमच्या मागं उभा राहून खेळतोय. मानेवरून कळतं मला तुम्ही कुठं बघताय ते. चार बोटं बाहेर होती.’ मी भडकलो. तुला वरून काय दिसणार, तू दुकान सांभाळ, असं बरंच काही बोललो. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, ‘जाके बोल देव उसको. अजून हॉटेलवर असंल.’

मी गेलो नाही. घरी जाऊन जेवलो. बायकोनं विचारलं, तुमचा माणूस जिंकला का, तर म्हटलं, आता वय झालं त्याचं. हे वाक्य आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते.

भाई माझ्याशी भांडला नाही, खेळायचाही थांबला नाही. पण सकाळच्या खेळात पंच नसतो, ज्याच्या बाजूला शटल पडतं त्यानं आत-बाहेर सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्या दिवसानंतर मी ‘आउट’ म्हटलं की भाई माझ्याकडे न बघता जाळीपलीकडे समोरच्यांना विचारायचा, काय हो, बाहेर होतं का? ते हो म्हणाले की मगच पॉइंट धरायचा. आधी मला वाटलं, दोन-चार दिवस करील. त्यानं कारण कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कसा विचारणार? सहा वर्षं माझा ‘आउट’ माझ्याच जोडीदारानं घेतला नाही, आणि मी रोज साडेपाचला जाऊन उभा राहिलो.

या दिवाळीनंतर बॅचमध्ये एक नवा गडी आला, इथल्याच बँकेत बदली होऊन आलेला. दोन-तीनदा हा प्रकार बघून त्यानं सगळ्यांसमोर भाईला सहज विचारलं, सरांना दिसत नाही का नीट? भाईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘दिसतं की. लई चांगलं दिसतं.’ आणि सर्व्हिस करायला गेला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी माझ्या त्या इंडोनेशियाच्या माणसाला मोबाइलवर शोधलं. आता तो त्याच्या गावात मुलांना शिकवतो, त्याच्या हॉलचं इंटरनेटवर एक पान आहे. मी इंग्रजीत लिहिलं, तीन वेळा खोडलं. आधीच्या तिन्हीत मी माझी कारणंच जास्त लिहिली होती. चौथ्यात एवढंच ठेवलं: मी त्या मॅचचा लाइन जज. ती सर्व्हिस मी पाहिली नव्हती. ती बाहेर होती, माझ्या मित्रानं पाहिली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तुमचे डोळे चांगले होते.

दोन दिवसांनी शाळेत, डब्याच्या सुट्टीत उत्तर आलं. मी ते उघडायला आठव्या तासापर्यंत वेळ लावला. वर्ग सुटल्यावर बाकावर बसून वाचलं.

‘माझा जोडीदार त्या दिवशी हॉटेलपर्यंत सांगत होता, बाहेर होती, बाहेर होती. मी त्याच्यावर चिडलो. म्हणालो, हरणं शिक, रेषेवर बसलेला माणूस खोटं कशाला बोलेल? त्यानंतर आम्ही दोघं बोललो नाही. आज त्याला फोन करतो.’

मी दोनदा वाचलं. माझ्यासाठी त्यात एक शब्दही नव्हता.