वन्संनी लावलेला आठवडा

माझ्या नणंदेला स्वयंपाक येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांचं इतकं कौतुक करणार आहे की तुम्हाला वाटेल, बाई मोठी सुगरण असणार. सुगरण कसली डोंबलाची! दूध उतू जात असताना समोर उभ्या राहून बघतात. तेलात लसूण टाकला की तो करपणार म्हणजे करपणारच. तरीसुद्धा आमच्या घरात कुठल्या दिवशी काय शिजायचं, हे वन्संच ठरवतात. आणि त्या ठरवतात म्हणून मी आज इथे बसून तोंडाचा पट्टा चालवते आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आयुष्यभर बस डेपोत ड्यूट्या लावल्या. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, कोणाला सकाळची पाळी, कोणाच्या पोराला ताप आलाय म्हणून त्याला लांबची फेरी द्यायची नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी आजवर हिंमत झालेली नाही, आणि मला हिंमत कमी आहे असं आमच्या गल्लीत कोणी म्हणणार नाही. रिटायर झाल्यावर दोन बॅगा आणि एक लोखंडी कपाट घेऊन आमच्याकडे आल्या. ते कपाट जिन्यात अडकलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी संध्याकाळी चहाचे कप उचलायच्या आत त्यांनी फ्रिज उघडला आणि म्हणाल्या, "चला, ड्यूट्या लावू."

"कसल्या ड्यूट्या?" मी विचारलं.

"हा कोबी बघ. दोन दिवस डबल ड्यूटी करतोय बिचारा. त्याला सुट्टी दे. भोपळा कधीपासून नुसता बसून पगार खातोय, सोमवारी त्याला बाहेर काढा."

मुलं खो खो हसली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. माझं स्वयंपाकघर, माझा भोपळा, आणि ही कोण मला सांगणार? पण मी आपली गप्प बसले, कारण एक गोष्ट मला आतून टोचत होती. मी घरी पडदे शिवते. दुपार झाली की मशीनवर बसल्या बसल्या माझं डोकं दुखायला लागायचं, ते फक्त 'आज काय करू' या एका प्रश्नाने. नवऱ्याला फोन करून विचारलं तर तो म्हणायचा, "काहीही कर." काहीही नावाची भाजी कुठल्या बाजारात मिळते ते मला अजून कळलेलं नाही.

वन्संनी तो प्रश्नच घरातून हाकलला. प्रत्येकाला एक दिवस दिला. त्या दिवशी त्याने सांगायचं, बाकीच्यांनी नाक न मुरडता खायचं. सोमवार नवऱ्याचा, कारण तो लोकांचे फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करतो आणि सोमवारी त्याचा जीव मेटाकुटीला येतो. मंगळवार मुलाचा, गुरुवार मुलीचा, शनिवार त्यांचा स्वतःचा. रविवार माझा. मधले दोन दिवस जे उरेल त्याचे. त्या आठवडा लावायच्या, मी रांधायचे, आणि गॅसजवळ फिरकायची त्यांना सक्त मनाई होती. इतकं बरं चाललं होतं आमचं की भांडायला सुद्धा कारणं शोधावी लागायची. आम्ही शोधायचो.

मग मी आजारी पडले. आजाराचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. औषधं अशी की केस गेले, नखं काळी पडली, ते सगळं मी सोसलं. पण तोंडाची चव गेली. जिभेवर कोणीतरी नाणं ठेवून दिलंय असं वाटायचं. भाताला नाण्याची चव, दुधाला नाण्याची चव. कांदा चिरला तरी मला दुसऱ्या खोलीत मळमळायचं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस मला देता येणार नाही. आणि डोस थांबवणं परवडणारं नाही. काय वाटेल ते करा, पण खा."

सांगायला काय जातंय! नवरा आता स्वयंपाक करायला लागला होता. रोज माझ्यासाठी वेगळं पातळ सूप घेऊन यायचा आणि मी चमचा नुसता फिरवत बसायचे. तो गेला की वाटी तशीच खाटेखाली. काय हवं म्हणून विचारलं की मी म्हणायचे, "काहीही." हो, मीच.

अशाच एका शनिवारी मी आतल्या खोलीत पडले होते. दार उघडं होतं. बाहेर ड्यूट्या लागत होत्या. सोमवार झाला, मंगळवार झाला. वन्सं हळूच म्हणाल्या, "रविवारही मुलीलाच देऊ. तिच्या आईला उगाच त्रास नको."

मी ताडकन उठले. म्हणजे उठायला गेले आणि भिंतीला धरून उभी राहिले. दारात जाऊन ओरडले, "मेले का मी? माझा रविवार वाटून टाकायला मेले का मी अजून?"

मुलगी रडायलाच लागली. वन्संचा चेहरा असा उतरला की मला क्षणभर वाईट वाटलं, पण मी काही ते दाखवलं नाही. त्यांनी त्यांच्या परीने माझ्यावर दयाच केली होती. ड्रायव्हर आजारी पडला की त्याचं नाव खाली घ्यायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकत होते. "रविवार तुझाच. उद्याच्या रविवारीसुद्धा तू सांगशील ते शिजेल. आणि नाही सांगितलंस तर या घरात काही शिजणार नाही."

मला वाटलं, बोलायच्या गोष्टी. पण रविवारी दुपार झाली तरी स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज नाही. मुलाच्या पोटात कावळे ओरडत होते, तो चार वेळा माझ्या दाराशी येऊन काही न बोलता गेला. नवऱ्याने चोरून केळं सोलायला घेतलं, ते वन्संनी त्याच्या हातातून काढून घेतलं. एवढा बाप्या माणूस, पण बहिणीपुढे मांजर! मग त्या माझ्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. सकाळपासून त्यांनी स्वतः चहासुद्धा घेतला नव्हता.

"सांग."

"मला काही नको."

"बरं. मग आम्हालाही नको."

"पोरांना उपाशी ठेवता? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. तू सांग, म्हणजे संपलं."

माझं पित्त असं खवळलं म्हणता! ज्या बाईला धड दूध तापवता येत नाही ती मला वेठीला धरते? मी म्हटलं, "ठीक आहे. तुम्हीच करा. गरम भात करा, त्यावर लिंबू पिळा, आणि वर तुमच्या हातचा तो करपलेला लसूण घाला. भरपूर घाला. बघू दे तरी सगळ्यांना, काय खायला लागतं ते!"

मी टोमणा मारला होता हो. पण वन्सं पदर खोचून उठल्या आणि मनाई मोडून सरळ गॅसपाशी गेल्या. थोड्या वेळाने घरभर धूर झाला, नवरा खिडक्या उघडत धावला. आणि मला लसणाचा वास आला. कित्येक दिवसांत कुठल्याही वासाने मला मळमळण्याशिवाय काही केलं नव्हतं. या वासाने तोंडाला पाणी सुटलं. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

ताट आलं. भात खाली लागलेला, लसूण कोळशासारखा, लिंबाच्या बिया तशाच. मी पहिला घास घेतला आणि आंबट लागलं. कडू लागलं. नाण्याच्या पलीकडून काहीतरी लागलं! मी खात राहिले. बाहेर टेबलावर बाकीचे तेच खात होते, नवऱ्याला ठसका लागला होता, आणि मुलगा आत्याला विचारत होता की लसूण कुठला आणि तवा कुठला. मी आतून हाक मारली, "अजून भात आहे का?"

वन्सं पातेलंच घेऊन आल्या. "महिनाभर तू काही मागितलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मी शनिवारी आठवडा लावायला बसले की तुझ्यापाशी येऊन अडायची. मला तू पुढच्या आठवड्यात दिसेचना. म्हणून मी रविवार मुलीला दिला. दया नव्हती गं ती, भीती होती."

त्या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी मोजत बसत नाही, मोजून संपणारही नाहीत. पण ती भीती त्यांनी मला दाखवली, ती लपवून मला नुसता धीर देत बसल्या नाहीत, यासाठी मी त्यांच्यापुढे मनातल्या मनात रोज हात जोडते. तोंडावर म्हणत नाही. डोक्यावर बसतील.

त्या आठवड्यात मी रोज तोच भात खाल्ला. दवाखान्यात वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा काटा आधीच्याच जागेवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी डोस दिला.

शनिवारी संध्याकाळी मी भिंत धरत धरत बाहेर आले आणि टेबलाशी जाऊन बसले. ड्यूट्या सुरू झाल्या. सोमवारसाठी नवऱ्याने अंडी सांगितली, मंगळवारसाठी मुलाने नेहमीसारखा पाव. वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रविवार?"

"बटाटे. सालासकट, झणझणीत."

"बरं."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी मासे."

"पुढचं कधी लावत नाही आपण," त्या म्हणाल्या. "एकच आठवडा लावतो."

"लावा," मी म्हटलं. "मी आहे."

नवरा उठून उगाच फ्रिजच्या मागे वाकून वायर बघायला लागला. वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला.

"कुठले मासे," त्या कशाबशा म्हणाल्या, "तेही आत्ताच सांगून ठेव."