मागच्या खोलीतलं वाचन

दाताच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई बसत आणि मागच्या खोलीत ताई. पेशंट पुढच्या दाराने यायचे आणि तिथूनच जायचे. मागे यायचे ते त्यांच्या जबड्यांचे साचे. त्या प्लास्टरच्या साच्यांवर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग गुलाबी कवळी शिजवून, घासून, चकचकीत करून पुढे पाठवायची, हे काम ताई एकतीस वर्षं करत होत्या. आधी डॉक्टरीणबाईंच्या वडिलांच्या हाताखाली, आता त्यांच्या. गावातली निम्मी म्हातारी माणसं ताईंच्या हातचं हसत होती, पण रस्त्यात समोरासमोर आली तर त्यांतला एकही जण त्यांना ओळखत नव्हता. दवाखान्यात त्यांना सगळे 'मागच्या ताई' म्हणत. ताईंना त्याचं काही वाटत नसे. निदान आधी तरी वाटत नव्हतं.

घरी त्यांच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत न वाचलेल्या एकशे सव्वीस कादंबऱ्या.

हा ढीग एका दिवसात झालेला नव्हता. नोकरी लागल्यापासून ताई अधूनमधून जुन्या पुस्तकवाल्याकडे जायच्या, एक कादंबरी निवडायच्या, पहिल्या पानावर तारीख घालायच्या आणि घरी आणून ठेवून द्यायच्या. सवड मिळाली की वाचू. पण सवड कुठली? आई लवकर गेली होती. वडील कानाने अधू, टीव्ही इतक्या मोठ्याने लावायचे की शेजारचेही त्यावरच भागवायचे. शेवटची नऊ वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. घरात पाऊल टाकलं की ताईंना त्यांचं औषध, त्यांचं अंग पुसणं, त्यांचं खाणं. पुस्तकं पलंगाखाली गेली, कपाटावर गेली, आणि शेवटी बंद पडलेल्या फ्रीजमध्येही गेली.

"अगं, वाचतेस कधी?" वडील विचारायचे. "नुसती साठवून ठेवतेस. उंदरांची चंगळ."

"वाचीन हो," ताई त्यांच्या कानाशी ओरडायच्या. "पळून जातायत का ती?"

वडील गेले तेव्हा ताई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भाऊ आणि वहिनी परगावाहून आले, दहा दिवस राहिले. निघताना भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "फार केलंस तू त्यांचं. आता मोकळी झालीस बघ."

मोकळी म्हणजे किती मोकळी, ते ताईंना पुढच्या आठवड्यात कळलं. टीव्ही बंद होता. कामावरून येऊन त्या पायरीवर चप्पल काढायच्या तर चप्पल पडल्याचा आवाजसुद्धा घरभर फिरायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कादंबऱ्या बाहेर काढल्या, फडक्याने पुसल्या आणि तारखेप्रमाणे भिंतीशी लावल्या. सर्वांत जुन्यापासून सुरुवात करायची, एकही टाळायची नाही, आणि हातात घेतलेली पुरी केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

पहिली त्यांनी बावीस वर्षांच्या असताना घेतली होती. एक मुलगी घरातून पळून जाते, त्याची गोष्ट. त्या वयात आपण ही का उचलली असेल ते ताईंना चांगलंच कळलं आणि त्या स्वतःशीच थोड्या लाजल्या. दुसरी कंटाळवाणी निघाली, तरी नेटाने पुरी केली. पाचवी मात्र अशी होती की शेवटचं पान उलटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, काय सांगू तुम्हाला! तो डॉक्टर असतो ना, तो शेवटी परत येतो. पण घर ओळखतच नाही."

"कोण डॉक्टर? तुमच्या दवाखान्यातला?"

"नाही हो, पुस्तकातला."

"अगंबाई, पुस्तकातला होय! मी घाबरलेच. बरं, तब्येत कशी आहे? गॅसवर दूध ठेवलंय, मी नंतर करते हं फोन."

नंतरचा फोन काही आला नाही. ताईंनी पुन्हा कधी पुस्तकातलं कोणाला सांगितलं नाही. अशा एकोणीस कादंबऱ्या झाल्या. त्या दरम्यान किती माणसं मेली, किती जणांची लग्नं मोडली, एक जहाज बुडालं, आणि यातलं काहीच कोणाच्या कानावर गेलं नाही. वाचून संपलं की ताईंना एवढंच वाटायचं की आपण एकट्याच कुठल्याशा गावाला जाऊन आलो आणि स्टेशनवर कोणी घ्यायलाही आलं नाही.

विसावी कादंबरी त्या डबा खाताना वाचायला म्हणून दवाखान्यात नेत होत्या. तेव्हाच एक काका आले.

काका बसस्टँडवर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठे लागली आहे, कुठली उशिरा आहे, हे छत्तीस वर्षं त्यांनी माइकवरून सांगितलं. निवृत्त झाले, दात गेले, कवळी बसवली आणि घोडं अडलं. 'स' म्हटला की तोंडातून शीळ वाजायची. डॉक्टरीणबाईंनी दोनदा घासून पाहिलं, पण उपयोग शून्य. शेवटी त्या वैतागून काकांना घेऊन मागच्या खोलीत आल्या.

"ताई, बनवलीत तुम्हीच. आता तुम्हीच बघा बाई. पुढे चार जण ताटकळलेत."

एकतीस वर्षांत मागच्या खोलीत पेशंट पहिल्यांदा येत होता. खुर्चीही एकच. ताईंनी ती त्यांना दिली आणि आपण प्लास्टरच्या गोणीवर बसल्या.

"घरी कोणाकोणाशी बोलता?" त्यांनी विचारलं.

"बायकोशी. तिला दिसत नाही आता. रोज सकाळी पेपर वाचून दाखवतो. सरकार म्हटलं की शीळ, संसद म्हटलं की दोन शिळा. ती म्हणते, बातम्या ऐकतेय की पोपट पाळलाय तेच कळत नाही."

ताई हसल्या. मग त्यांनी कवळीच्या आत, वरच्या दातांमागे, मेणाचा पातळ थर दिला. शीळ कुठून येते ते असंच शोधावं लागतं. थर द्यायचा, बोलायला लावायचं, ऐकायचं, कमीजास्त करायचं. बोलायला काय द्यावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डब्याशेजारची कादंबरी उचलून दिली.

"वाचा. पहिल्यापासून."

काकांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. नदीवर होडी चालवणाऱ्या दोन बहिणी. एकाच होडीत, एक पुढे, एक मागे, आणि अकरा वर्षं एकमेकींशी अबोला. काकांचा आवाज भारदस्त होता, गर्दीतून वाट काढायची सवय असलेला. शीळ वाजायची तिथे ताई हात वर करायच्या, मेण खरवडायच्या, पुन्हा बसवायच्या. पण दुसऱ्या प्रकरणाशी आल्यावर शीळ वाजली तरी त्यांचा हात वर जाईना. आयुष्यात त्यांना कोणी काही वाचून दाखवलं नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं. वडिलांना ऐकू येत नव्हतं. आपण ऐकणारं माणूस आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"परवा परत या," त्या म्हणाल्या.

काका सांगितल्या दिवशी आले, त्यानंतरही दोनदा आले. डॉक्टरीणबाईंनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "अजून होतंच आहे का?" ताई म्हणाल्या, "नाजूक काम आहे." मधल्या दिवसांत त्या पुस्तक उघडायच्या नाहीत. घरी नेऊन पिशवीतच ठेवायच्या. घरी आल्यावर हात रिकामे राहायचे, पण डोक्यात मात्र त्या दोघी वल्ही मारत असायच्या.

चौथ्या खेपेला शीळ गेली. ताईंच्या कानांना ते पहिल्याच ओळीत कळलं. 'स' स्वच्छ, धुतल्यासारखा. काकांना अजून कळलं नव्हतं, ते वाचतच होते. होडी पुरात सापडलेली, धाकटी बहीण पाण्यात पडलेली, आणि थोरली तोंड उघडून पहिल्यांदा काहीतरी बोलणार, तिथे प्रकरण संपलं. काकांनी पुस्तक मिटलं.

"आता मेणाच्या जागी पक्कं करून देते," ताई म्हणाल्या. "बसा बाहेर."

काका बाहेर गेले. ताईंनी मेणाच्या मापाने तिथे गुलाबी थर चढवला, घट्ट होऊ दिला, आणि घासायच्या मशीनवर धरला. गुळगुळीत झाला. तिथेच थांबायचं होतं. त्या थांबल्या नाहीत. केसभर जास्त घासला, मग आणखी केसभर. हात सराईत होता, किती घासलं की शीळ थोडीशीच परत येईल ते त्या हाताला ठाऊक होतं. एकतीस वर्षांत त्यांनी एकही कवळी जाणूनबुजून बिघडवली नव्हती. मग मशीन बंद केलं. त्यांनी कवळी डबीत घातली, काकांना आत बोलावून दिली आणि म्हणाल्या, "आठ दिवस वापरून बघा. काही वाटलं तर या."

काका सहाव्या दिवशी आले. स्वच्छ सदरा घातला होता, पण चेहरा उतरलेला होता. ते खुर्चीवर बसले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"आमचा एक ड्रायव्हर गेला. एकत्र नोकरी केलेली, फार जीव होता एकमेकांवर. स्टँडवर काल सगळे जमले होते. म्हणाले, काका, तुम्ही दोन शब्द बोला, तुमच्याशिवाय कोण बोलणार? मी उभा राहिलो. त्याचं नावच 'स'वरून. पहिल्या शब्दालाच शीळ वाजली. पोरंसोरं हसली. मग मोठेही हसले, तोंड फिरवून. मी खाली बसलो."

ताई मशीनवरची गुलाबी भुकटी फडक्याने पुसू लागल्या.

"तुमचा काही दोष नाही," काका म्हणाले. "तुम्ही केवढं केलंत. तोंडच म्हातारं झालं माझं. त्याला तुम्ही काय करणार?"

काकांनी दोष दिला असता तर ताईंना सोसलं असतं. ताईंनी हात पुढे केला, कवळी घेतली, पाठ फिरवून बसल्या आणि घासलेला थर पुन्हा भरून काढला. या वेळी घाई नाही, बोलणं नाही, पुस्तक नाही. मापून, तपासून, शेवटी ओल्या पावडरीने घासून चकाकी आणून त्यांनी ती काकांच्या हातात दिली.

"म्हणा."

"सरकार. संसद. सात वाजून सदतीस मिनिटांची गाडी." काका थांबले. त्यांचे डोळे मोठे झाले. "गेली की हो!"

"गेल्या वेळीच गेली होती," ताई म्हणाल्या. "मी परत आणली. मुद्दाम."

"म्हणजे?"

"जास्त घासलं. तुम्ही परत यावं म्हणून. पुढचं ऐकायचं होतं मला."

पुढच्या खोलीत कोणाचा तरी दात कोरायचं मशीन किरकिरत होतं.

"पुस्तक तर तुमचंच आहे," काका म्हणाले. "घरी जाऊन वाचता आलं असतं तुम्हाला."

"हो."

"मला नुसतं सांगितलं असतंत तरी वाचलं असतं मी. मला काय काम आहे दुसरं?"

सांगायचं कसं हे ताईंना कोणी शिकवलंच नव्हतं, आणि सुचलंही नव्हतं. काका उठले. दारापाशी क्षणभर थांबले, पण मागे वळले नाहीत. गेले.

ताईंनी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं, नोकरी जाणार. डॉक्टरीणबाई बराच वेळ हातमोजे काढत राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा करू नका, ताई." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मागे एक खिडकी तरी करायला हवी होती बाबांनी." आणि पुढे निघून गेल्या. खिडकी काही झाली नाही.

दोन महिन्यांनी काका हिरड्या दाखवायला आले. ताईंना ते भिंतीतून कळलं. आवाज तोच, खणखणीत, आणि 'स' एकदम स्वच्छ. डॉक्टरीणबाईंना ते सांगत होते की बायको आता पेपर संपला तरी सोडत नाही, जाहिरातीसुद्धा वाचायला लावते. ताईंच्या हातात मेणाची सुरी होती. ती त्यांनी खाली ठेवली. उठून दार उघडलं असतं तर चार पावलांवर काका होते. माफी मागायची राहिली होती, ती नीट मागता आली असती. त्यांनी साडी झटकली, प्लास्टरचे हात पुसले, पुन्हा पुसले. तोवर पुढचं दार वाजलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पिशवीतून कादंबरी काढली. दोन महिने तिला हात लावला नव्हता आणि नियमामुळे दुसरीलाही नाही. मनात वाचायला गेल्या तर अक्षरं नुसतीच समोर उभी राहिली. मग ताईंनी घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य घोगरं निघालं. इतके दिवस घरात या आवाजाला कामच नव्हतं. दुसऱ्या वाक्याला त्यांना स्वतःचंच हसू आलं. तिसऱ्याला मात्र थोरली बहीण बोलली. अकरा वर्षांनी पहिल्यांदा काय बोलली, तर, "वल्हं धर, वेडे."

ताई थांबल्या. ती ओळ त्यांनी आणखी एकदा वाचली, जरा चढ्या आवाजात, नदीच्या त्या काठावर ऐकू जाईल अशी. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. ताईंनी दिवा लावला, पान उलटलं आणि पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.